सात ठिपक्यांचं झुरळ

पालममधली माझी खोली एका अटीवर मिळाली होती. घरात झुरळ दिसलं की खोली रिकामी करायची. घरमालकीणकाकू शब्दाच्या पक्क्या. आधीच्या भाडेकरीणबाईंना एका झुरळापायी त्यांनी महिन्याभरात बाहेर काढलं होतं. मी गावाहून एसटीने आले की त्या माझी पिशवी दारातच अडवून अंगणात उलटी करायच्या. कपडे, चपला, आईने दिलेला चिवड्याचा डबा, सगळं झटकल्याशिवाय आत प्रवेश नसे. त्यांच्या मते जगातली यच्चयावत झुरळं एसटीतूनच येतात.

म्हणूनच कुंड्यांसाठी मी माळापलीकडच्या रानातून कुजलेल्या पाल्याची पिशवी पायी आणली, तेव्हा काकूंनी मानही वर केली नाही. खोलीत पाला उपसला आणि त्यातून एक किडा निघाला. काळाभोर, गोलसर, पाठीवर सात पांढरे ठिपके. मी झटकन त्यावर काचेचा ग्लास उपडा घातला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. काकूंची नातही संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला बसायची. भुंगा निघाला तर खोली वाचणार होती, म्हणून मी मन लावून भुंगाच शोधत होते. भुंग्याच्या पाठीवर मधोमध सरळ शिवण दिसते. इथे एक पंख दुसऱ्यावर चढला होता, सदऱ्याच्या काजपट्टीसारखा. डोकं पुढच्या ढालीसारख्या कवचाखाली दडलेलं. चष्मा पुसून पाहिलं, मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. शिवण काही उमटेना. तेवढ्यात मागच्या टोकाकडून, झुरळाच्या मादीला असते तशी, अंड्यांची डबी डोकावली आणि माझं अवसान गळालं. रानातलं, घरादाराशी काही देणंघेणं नसलेलं, पण झुरळच.

गुपचूप सोडून यावं असं फार वाटलं. पण आदल्याच दिवशी मी वर्गात दटावलं होतं, दिसेल तेच लिहायचं. ग्लासखाली पुठ्ठा सरकवला आणि काकूंपुढे नेऊन ठेवला.

"काकू, हे झुरळ आहे. माझ्याच पिशवीतून आलं."

काकूंनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, झुरळं मारण्यात माझा जन्म गेला. झुरळ तांबडं असतंय. हे एवढं देखणं झुरळ कसं असंल? भुंगा हाय हा."

मी त्यांना नसलेली शिवण दाखवली. डबी दाखवली. स्वतःची खोली घालवण्यासाठी मी इतकी हमरीतुमरीवर आले की मलाच नवल वाटलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. रानात सोडून या बिचाऱ्याला."

सोडून आले. खोली राहिली, जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात मात्र आली नाही. काकूंनी तिची शिकवणी दुसऱ्या सरांकडे लावली होती.

"राग मानू नका, मॅडम," चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "पण पोरगी यंदा धाव्वीला हाय."