मोरीपासून फाटकापर्यंत

कमल गेल्याचं मला सेलूच्या बाजारात कळलं. मी वांगी निवडत होते. तिच्या धाकट्या भावाचा, प्रकाशचा, फोन आला. "मॅडम, ताई नाई राह्यली," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी वांगी परत टोपलीत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन ऑटोत बसले. शेजारी ओळखीची एक बाई होती. तिला सांगितलं तर हळहळून म्हणाली, "चांगल्या माणसाले देव लवकर नेते." मी तिला तिथेच अडवलं. म्हटलं, बाई, कमल देव मानत नव्हती, आणि कोणी उचलून न्यावी अशी ती वस्तूही नव्हती. तिचं हृदय बंद पडलं आणि ती मेली. बाई रस्त्याकडे तोंड करून बसली. कमलला मात्र हे उत्तर आवडलं असतं. आज इतक्या आठवड्यांनी लिहायला बसले आहे तीही त्याच रागात, आणि तो राग मी आवरणार नाही.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत नोकरी केली. मी मराठीची, ती जीवशास्त्राची. मी वडनेरची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. झाड म्हटलं की मला आधी त्याचा बाजारभाव सुचायचा. ती समुद्रपूरकडची. तिचे आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले, वडील दुसऱ्याच्या शेतावर राबून पोरांना शिकवणारे. वर्गात ती पुस्तकातलं मराठी बोलायची आणि स्टाफरूमचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. "ताई, तुमची ती अलंकारिक भाषा वर्गात ठेवा, मले भूक लागली," म्हणत माझा डबा उघडायची. आमची मैत्री अशी, भांडता भांडता झालेली. पहिलं भांडण कशावरून झालं ते आठवत नाही, शेवटचं आठवतं. त्याच्याकडे येतेच.

तिचं घर लहान. पुढे फाटक, मागे मोरी, आणि घराच्या कडेने फाटकापासून मोरीपर्यंत गेलेली अंगणाची एक लांबट पट्टी. पाहुणा आला की ती त्याला घरात घ्यायची नाही. "आधी मोरी, मग चहा," म्हणायची आणि पट्टीवरून सरळ मागे न्यायची. वाटेतल्या कशाकडे पाहू द्यायची नाही. मोरीच्या भिंतीशी उभं करायची आणि तिथून पुन्हा फाटकाकडे चालवत आणायची. भाचीला पाहायला आलेल्या मंडळींनाही तिने सोडलं नाही. मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मोरीशी उभे आणि ही त्यांना सांगतेय की जमिनीवर झाडं कशी आली. प्रकाश आत कपाळाला हात लावून बसला होता. लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी.

मोरीच्या भिंतीवर एक मखमली हिरवा थर होता. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. ती मॉस म्हणायची, आणि पाण्यातलं शेवाळ वेगळं हे दरवेळी बजावायची. तिथे बोट टेकवून ती सुरू व्हायची. आधी सगळं हिरवं पाण्यात होतं. त्यातलं काही काठावर आलं आणि तिथेच टिकलं. याला खरं मूळ नाही, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. अंगानेच पाणी पितं, म्हणून बोटभरही वाढत नाही. पुढे रांजणाच्या ओलीत हंसराज होता, विहिरीच्या कपारीत उगवतो तो नाजूक नेचा. याच्या अंगात नळ्या आल्या, म्हणून हा उभा राहिला. पण बी नाही, पानाच्या कडेखाली नुसती भुकटी. नवं रोप जुळायला मॉससारखंच याला अजून पाणी लागतं. त्याच्यापुढे मोरपंखी. शाळेत असताना आपण तिची पानं विद्या म्हणून पुस्तकात ठेवली, तीच. इथे पहिल्यांदा बी आलं. पराग वाऱ्यावर निघाले, पाण्याची ताबेदारी सुटली. पण बी उघडंच, त्यावर फळाचं घर नाही. आणि फाटकाशी जास्वंद, वांग्याचं एक झाड आणि कपाशी. बोंड उकलून ती सरकी तळहातावर ठेवायची. "हे पाहा, बी घरात बसलं. फुलानं पाहुणे बोलावले, फळानं बी सांभाळलं. आता चहा."

एकदा मी चिडवलं की ही तर चांगली चढती पायरी झाली, खाली तुझं शेवाळ आणि वर माझं वांगं. तिने चहाचा कप खाली ठेवला. "पायरी नाई ताई. फांद्या हायेत. माझं अंगण अरुंद, म्हणून रांग केली. शेवाळातून नेचा नाई निघाला आन् नेच्यातून मोरपंखी नाई. एकाच बुडाच्या येगयेगळ्या फांद्या, आन् सगळ्या आजवर आल्या. हे भिंतीवरचं जुनं नाई, मागासलेलं नाई. तुमच्या वांग्याइतकंच आजचं हाय."

हे तिने एका शिक्षक प्रशिक्षणातही केलं. मीही तिथे होते. व्याख्यान देणाऱ्या गृहस्थांनी फळ्याच्या एका बाजूला कनिष्ठ वनस्पती लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला श्रेष्ठ वनस्पती. कमल उभी राहिली. म्हणाली, सर, हे शब्द खोडा. ते हसून म्हणाले, अहो, पुस्तकात असेच असतात. "पुस्तकात असतील. आमच्या घराले हे शब्द पुस्तक येण्याआधीपासून माहीत हायेत. माणसांत ते कोणाच्या सोयीचे होते ते आमी पाह्यलं. झाडांत तरी कशाले पाहिजेत? नळ्या हायेत का नाई ते लिहा, बी हाय का नाई ते लिहा. वर-खाली लिहू नका." गृहस्थ फळ्याकडे वळले आणि त्यांनी ते दोन्ही शब्द खोडले. मनापासून खोडलं की जेवणाची वेळ झाली म्हणून, मला सांगता येणार नाही. कमल माझ्या शेजारी येऊन बसली. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी तिचा हात धरून ठेवला.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. ती भिंत एप्रिलमध्ये काळी पडायची, हात लावला तर खरखरीत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, झालं, तुझी मखमल मेली. तिने तांब्याभर पाणी मारलं आणि मला तिथेच उभं केलं. आम्ही शाळेतल्या कोणाची तरी निंदा करत होतो. ती आटोपेपर्यंत मिटलेली पानं उघडून भिंत हिरवी झाली होती. "मेलं नवतं," ती म्हणाली, "थांबून राह्यलं होतं." मग हसली. "आपल्याले नाई जमत बरं हे. आपण मेलो म्हणजे मेलो. म्हणून जितकं भांडायचं तितकं आत्ताच भांडून घ्या." आमची शेवटची भेट थंडी सरताना झाली, त्याच मोरीशी. चालताना ती दोनदा थांबली. मी म्हटलं डॉक्टरकडे जा, ती म्हणाली जाऊन आली. मी म्हटलं मग ऐक त्यांचं, ती म्हणाली ऐकूनच राह्यली. तेच ते शेवटचं भांडण. निघताना म्हणाली, "रविवारी पोरं येऊन राह्यले. तुमीही येजा."

रविवारी शाळेतली मुलं यायची, दर वर्षी नवी. त्या रविवारी कमलच नव्हती.

पुण्यानुमोदनाचा, बौद्ध रीतीने गेलेल्या माणसाला आठवण्याचा, कार्यक्रम घरीच होता. समुद्रपूरहून सगळे नातेवाईक आधीच आले होते, आणि आपल्याकडे माणसं दुःखात जे करतात तेच त्यांनी केलं: घर लख्ख केलं. मी सकाळी पोचले तर प्रकाश बाह्या वर करून अंगणात उभा, अंगावर चुन्याचे शिंतोडे. उत्साहाने म्हणाला, "मॅडम, ताईची मोरी किती खराब झालती. पार हिरवी. तारेच्या ब्रशनं घासली आन् चुना मारून देला. लोक येतीन, ताईच्या घराले कोणी नाव नाई ठेवलं पाहिजे." मी मागे गेले. भिंत पांढरीशुभ्र... उन्हात डोळे दिपावेत इतकी. बहिणीच्या प्रेमाखातर त्याने घासली होती आणि हात रक्तबंबाळ करून घेतले होते. मी त्या पांढऱ्या भिंतीसमोर रडले. तिच्या देहासमोर रडले नव्हते. प्रकाशला वाटलं, मला भिंत आवडली.

ताई पाहुण्यांना मागे न्यायची ती या हिरव्याशीच, हे मी सांगितल्यावर तो तिथेच खाली बसला; त्याने स्वतः ती रांग कधी चालून पाहिली नव्हती. नंतर कित्येक दिवस मला त्याचा फोन आला नाही. आला तो असा: "मॅडम, मी पट्टीवर फरशी टाकून घेतो. ते पाहू पाहू मले त्रास होते." मी म्हटलं, रविवारी मी तिथे आहे, मिस्त्रीला घेऊन समोर ये आणि मला तोंडावर सांग.

तो आला, मिस्त्रीलाही घेऊन. त्याच वेळी मुलं फाटकात उभी होती. मीच बोलावली होती, का ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. प्रकाश मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमीच सांगा, शेवाळ नाई त रांग कशाची? सुरुवातच मी घासून टाकली. आता ठेवून काय करता?" मराठीची बाई मी, वनस्पतींतलं मला काय कळतं. तशीच मुलांना घेऊन मागे गेले, कमल नेई तशी, वाटेत काही पाहू न देता. भिंतीशी थांबलो. एका मुलीने विचारलं, "मॅडम, इथं काय हाय? इथं तर काहीच नाई."

आणि कमलचाच आवाज माझ्या तोंडून निघाला. म्हटलं, बरोबर, काहीच नाही. जमीन अशीच होती. उघडी, कोरडी, अशीच तापलेली. जे हिरवं होतं ते सगळं पाण्यात, आणि बाहेर हे असं. इथे कोणी जगेल असं पाहून वाटतं का? पोरं म्हणाली, नाई. मग म्हटलं, तरी ते आलं. मूळ नसताना आलं, नळ्या नसताना आलं. कोणी त्याला खालचं म्हणेल याची पर्वा न करता आलं. आता इथून चला, पुढे रांजणाशी काय आहे ते दाखवते. चालताना मागे पाहिलं नाही, पण प्रकाश मुलांच्या मागून येत होता. हंसराजाशी थांबला, मोरपंखीशी थांबला. फाटकाशी मला बोंड धड उकलता येईना, तर त्यानेच ते उकलून सरकी दाखवली. मिस्त्रीला तो म्हणाला, आज राहू दे. मी म्हटलं, आज नाही प्रकाश, कधीच नाही. त्याने मिस्त्रीला कायमचं परत पाठवलं.

घराची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. मी सकाळी जाते आणि त्या पांढऱ्या भिंतीवर तांब्याभर पाणी मारते. शेजारीण विचारते, "बाई, चुन्याले काऊन पाणी देता?" मी सांगते, जुन्या चुन्याचं मॉसला वावडं नाही, कमल म्हणायची. एक पावसाळा लागेल, दोन लागतील, लागू देत. मलाही काही घाई नाही, आणि मला कोणी हटवून दाखवावं.

परवा मी मागे पाणी मारत होते, तेव्हा फाटक वाजलं. प्रकाश कोणा मित्राला घेऊन आला होता. तो मित्र सरळ घराच्या दाराकडे वळला, आणि मला प्रकाशचा आवाज ऐकू आला.

"तिकडे नाई गड्या. आधी मोरी, मग चहा."