पुलाखाली फिरवलेली चावी

भांडण काकांच्या जुन्या गाडीवरून होतं; घरात तिला म्हैस म्हणत. दोन घरं एकाच भिंतीला टेकलेली, त्यामुळे शेजारणीला कान लावायचीही गरज पडली नाही. भाजी चिरता चिरता सगळं ऐकू आलं.

"विका ती म्हैस," काकू म्हणत होत्या. "घरात नवरा, दारात ही. सकाळी दोघांनाही ढकलल्याशिवाय हलायला नको."

"म्हैस पाण्याला भीत नाही," काका म्हणाले. "तुझा भाऊ नवीकोरी गाडी घेऊन पुलाखाली अडकला, तेव्हा त्याला बाहेर कुणी काढलं?"

"माझ्या भावाला मधे आणू नका."

"मी कुठे आणतोय? म्हशीनंच आणला ओढत."

पलीकडे भांडं आपटलं आणि विषय संपला.

काका म्हणजे लाँड्रीवाले काका. बाळंतपणाच्या दवाखान्याच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि गठ्ठे गाडीत रचून सकाळी पोचवायचे, यात त्यांचा जन्म गेला. वाटेत रेल्वेचा पूल. जोराचा पाऊस झाला की त्याखाली कमरेएवढं पाणी. काकांची रीत ठरलेली होती: बॉनेटच्या तोंडाला ताडपत्री बांधायची, पहिला गिअर टाकायचा, पायाचा दाब एकसारखा ठेवायचा आणि मधे थांबायचं नाही. तरी बंद पडलीच, तर चावीला हात लावायचा नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असतं, चावी फिरवली की इंजिन गेलंच म्हणायचं. उतरून ढकलायची आणि सुकवायची.

ज्या दिवशी म्हैस गेली त्या दिवशी काकूंचा पाय मुरगळला होता, म्हणून डॉक्टरांना दाखवायला त्या गाडीत होत्या. गाडी निम्मं पाणी कापून गेली आणि समोरून बस आली. बसची लाट बॉनेटवरून आली, म्हशीनं एक उचकी दिली आणि गप्प झाली. पाणी दारातून आत आलं, सीटला लागलं.

काकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याला हुकूमच सोडले होते. त्या दिवशी त्यांनी काकांची बाही धरली.

"अहो, एकदा फिरवून बघा ना चावी. मला इथे कसंतरी होतंय."

काकांनी बाहीवरच्या हाताकडे पाहिलं आणि चावी फिरवली. आत खाडकन लोखंड मोडलं. मग ते उतरले, काकूंना पाठुंगळीला घेतलं आणि चालत पाण्याबाहेर आले.

गॅरेजमध्ये काकू बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला.

"आतल्या रॉडनं इंजिनाचा ब्लॉकच फोडलाय. या जुन्या गाडीला आता दुसरा मिळायचा नाही. पण काका, बंद पडल्यावर चावी कशाला..."

"एवढ्या खोल पाण्यात घातलीच कशाला, असंच ना?" काका घाईनं म्हणाले. "माझीच खुमखुमी."

गॅरेजवाल्यानं एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा काकांकडे. त्याचंही लग्न झालेलं होतं. तो हात पुसत आत गेला.

एकदा काकूंच्या हातून दारात मांजराच्या पिल्लाची शेपटी चेंगरली, तेव्हा त्या कितीतरी दिवस धड जेवल्या नव्हत्या. गाडी आपल्या शब्दाखातर गेली हे कळतं, तर त्यांचं तोंडच मिटलं असतं. आणि काकू गप्प बसलेल्या घरात राहायची काकांची तयारी नव्हती.

म्हैस भंगारात गेली. काकांनी जुनी सायकल काढली. गठ्ठे तेवढेच होते, फक्त खेपा वाढल्या. गुडघे कुरकुरायचे, काकू त्याहून जास्त. काका दोन्ही ऐकून घेत.

पुढे कितीतरी वर्षांनी एका रात्री काका झोपेतच गेले. पण त्याच दिवशी सकाळी हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते कॅरिअरला गठ्ठा बांधत होते.

"चांगली गाडी पाण्यात घातलीत," काकू दारातून म्हणाल्या. "आता ओढा सायकल म्हातारपणी."

"हो बाई, चुकलं माझं."

"चुकलं म्हणे. दोरी नीट आवळा, चादरी पडतील."

काकांनी दोरी आवळली. दवाखान्यात गठ्ठा उतरवला, मळक्या चादरी घेतल्या, चढावर उतरून सायकल ढकलली आणि घरी येऊन चादरी हौदात भिजत घातल्या.