तांब्यांच्या गाडीतला रेडिओ

माझा नवरा शिवराम तांबे साधी उशी घ्यायची म्हटली तरी चार दुकानं पालथी घालतो. त्यामुळे गाडीत उपग्रहावरचा रेडिओ बसवायचं ह्यांच्या मनात आलं, तेव्हाच मी ओळखलं की आता घरात दुसरा विषय नाही.

मस्कतमध्ये साधा रेडिओ लागतो, हिंदी गाणीही लागतात. पण ह्यांची साइट सलालाहच्या बंदरावर. गाडीने निघालं की दिवसभर वाळवंट आणि रेडिओत नुसती खरखर. त्या वर्षी उपग्रहावरून थेट गाडीत रेडिओ ऐकायची सोय नवीन निघाली होती आणि तिच्यात एक मराठी वाहिनीही होती. हे कळल्यावर हे वेडेच झाले. माझे सासरे, ह्यांचे दादा, खेडजवळच्या आमच्या गावात गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. आंबेडकर जयंतीच्या महिन्यात त्यांचे हात सुजायचे, इतकी भीमगीतांची बोलावणी असायची. ते गेले तेव्हा हे ओमानमध्ये होते. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. त्यानंतर कुठेही ढोलकी वाजली की हे बोलता बोलता थांबतात.

तर रेडिओ. एक प्रकार सोपा होता. लायटरच्या भोकात खुपसायचा आणि गाडीच्या एफएमवर ऐकायचा, वायरीची भानगड नाही. मी म्हटलं, हाच घ्या. हे म्हणाले, "नको. त्याचा आवाज शेजारच्या गाडीच्या रेडिओवरही जातो म्हणे. सिग्नलला उभे राहिलो तर बाजूच्याला आपलं गाणं ऐकू येईल."

"येऊ दे की! फुकटात ऐकेल बिचारा."

ह्यांनी मात्र आणला तो वायरीने स्टिरिओला जोडायचा. वादी कबीरमध्ये शरीफ म्हणून केरळचा एक माणूस गाड्यांचे स्टिरिओ बसवतो, त्याच्याकडे सगळी वरात गेली. चपटा अँटेना टपावर लोहचुंबकाने चिकटवायचा, वायर दाराच्या रबराखालून आत घ्यायची, एवढंच काम. पण हे शरीफला काही सुचू देत नव्हते. "इधर नहीं, थोडा पीछे. धूप में रबर पिघलेगा तो?" शेवटी शरीफ म्हणाला, "अर्बाब, आप बैठो, चाय पियो." इकडे मालकाला अर्बाब म्हणतात. तेव्हा कुठे हे बसले.

पहिल्याच दिवशी हे आमच्या प्रणालीला घेऊन मस्कतमधला रुवीचा अख्खा भाग फिरले. प्रणाली दहा वर्षांची, शाळेत सगळं इंग्रजी, मराठी बोलताना दर दोन शब्दांनी अडते. पण बापाने शिकवलेलं तिला तोंडपाठ झालं. पुलाखाली सिग्नल जातो, उंच इमारतीच्या आडोशाला जातो, पार्किंगच्या पत्र्याखाली जातो. आकाश मोकळं असेल तर कधीच जात नाही.

आता अंबरीशबद्दल सांगायला हवं. हा ह्यांच्याच ऑफिसात, पण वरच्या खुर्चीवर. पुण्याचा. त्याची बायको वल्लरी. माणसं वाईट नाहीत, उलट वेळेला धावून येणारी आहेत. पण आमच्याकडे एकदा जेवायला आले तेव्हा पानावर बसता बसता अंबरीशने विचारलं, "तांबे म्हणजे कोकणस्थ की कऱ्हाडे?" कोकणात तांबे ब्राह्मणांत आहेत आणि आम्हा बौद्धांतही आहेत. ह्यांनी काय म्हणावं? हे हसले आणि म्हणाले, "कोकणातले." अंबरीश खूश. "म्हणजे आपलेच की!" मी आमटीचं भांडं टेबलावर असं आपटलं की वल्लरी दचकली. ते गेल्यावर पाहते तर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो ह्यांनी आधीच आतल्या खोलीत नेलेला. विचारलं तर म्हणाले, खिळा ढिला झालाय. मी रागाने फोटो उचलला आणि त्याच खिळ्यावर परत लावला. तो अजून तिथेच आहे, हललेला नाही.

शिकलेला, इंजिनीअर झालेला, दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी वंदनेला सगळ्यांच्या आधी हजर असणारा माणूस. ऑफिसातल्या एका माणसासमोर मात्र ह्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मला राग यायचा, आणि कीवही यायची.

त्या वर्षी जयंती शुक्रवारी आली होती. संध्याकाळी रुवीतल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि त्यात प्रणाली गाणं म्हणणार होती, तिच्या आजोबांच्या पार्टीतलं. ह्यांनीच महिनाभर बसवून घेतलं होतं, स्टीलच्या डब्यावर ठेका धरून. आदल्या दिवशी, गुरुवारी (तेव्हा इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची), आम्ही निझवाचा किल्ला पाहायला निघालो. अंबरीशची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून ते दोघंही आमच्याच गाडीत. अंबरीश पुढे, आम्ही तिघी मागे.

ह्यांची कळी खुलली होती. रेडिओ कसा निवडला, अँटेना कुठे लावला, सगळं पुराण सांगून झालं. प्रणालीनेही वल्लरीला समजावलं, "आँटी, ब्रिजखाली सिग्नल जातो. ओपन स्काय असेल तर नेव्हर."

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी डोंगर, रस्ता सरळ, झाड म्हणून नाही. रेडिओवर निवेदिका म्हणाली की उद्याच्या जयंतीनिमित्त आता भीमगीतं ऐकू या. आणि ढोलकी सुरू झाली.

प्रणाली सीटवरून उसळलीच. "पपा! आजोबांचं गाणं!" खरंच तेच होतं. तिने सूर धरला, अडखळत नाही काही नाही, अगदी खणखणीत. दोन ओळी झाल्या असतील. ह्यांचा हात पुढे गेला आणि रेडिओ बंद झाला.

"सिग्नल गेला," हे म्हणाले.

अंबरीशने काही विचारलंही नव्हतं. तो बाहेर बघत होता.

प्रणालीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिने काचेला नाक लावून वर पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला माझ्या मांडीवरून वाकून पाहिलं. म्हणाली, "पण पपा, वर तर काहीच नाहीये."

मला आरशात ह्यांचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावर होते, पण रस्ता पाहत नव्हते. कान लाल झाले होते. वल्लरीने पर्समधून चॉकलेट काढून प्रणालीला दिलं. तिने ते निझवा येईपर्यंत हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही. किल्ल्यात काय पाहिलं ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी हे स्वयंपाकघरात येऊन नुसतेच उभे राहिले. मी पोळ्या लाटत होते.

"बोला," मी म्हटलं. "खिळा ढिला होता, तसाच सिग्नल गेला का?"

"नंदा, मला लाज वाटते गं."

"कशाची? गाण्याची?"

"गाण्याची नाही. माझी. दादा त्या गाण्याला वाजवायचे. भर बाजारपेठेत वाजवायचे, लोक दारं लावून घेत असताना वाजवायचे. आणि मी..." मला खूप बोलायचं होतं, कित्येक महिन्यांचं साठलेलं. पण बोलले नाही. हा माणूस स्वतःलाच इतकं बोलत होता की माझी गरज नव्हती.

संध्याकाळी हॉल भरला. पांढरी साडी, पांढरे शर्ट, निळे झेंडे. आमचा सगळा कार्यक्रम सांभाळणारा रुपेश माइकवरून मुलांची नावं पुकारत होता. प्रणाली पांढरा फ्रॉक घालून आमच्या मधल्या खुर्चीत बसली होती. तिचं नाव पुकारायच्या आधी तिने बापाची बाही ओढली आणि हळूच विचारलं,

"पपा, इथे लाउडली गायलं तर चालेल ना?"

तिने खोचकपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. काल जे घडलं त्यातून तिला कळलं होतं ते एवढंच, की हे गाणं काही ठिकाणी चालतं आणि काही ठिकाणी चालत नाही.

मीच म्हटलं, "चालेल. जा." ती स्टेजकडे गेली आणि हे उठून तडक बाहेर गेले. काचेच्या दारातून मला दिसत होतं, हे पार्किंगमध्ये उभे राहून फोनवर बोलत होते. आत माझी मुलगी गात होती. पहिली ओळ चाचरत, मग सुधारली. लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. मी एक डोळा स्टेजवर आणि एक दारावर ठेवून बसले होते. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, तेव्हा हे आत आले.

"अंबरीशला सांगितलं," माझ्या कानाशी म्हणाले. "की काल सिग्नल गेला नव्हता, मी बंद केला. की आज आमची जयंती आहे, आणि आम्ही कोण ते."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आधी सांगायचं ना, आम्ही तसलं काही मानत नाही."

मानत नाहीत तर जेवताना विचारलं कशाला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात प्रणाली धावत आली. घाम आलेला, डोळे चमकत होते.

"पपा, ऐकलं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं! तिला कधीच कळलं नसतं.

"नाही, बाळा," हे म्हणाले. "मी बाहेर होतो. नाही ऐकलं."

तिचा चेहरा उतरला. तो पाहणं माझ्याच्याने झालं नाही, मग ह्यांचं काय झालं असेल. ह्यांनी मान खाली घातली ती गाडीत बसेपर्यंत वर केली नाही.

परतताना ह्यांनी रेडिओला हात लावला नाही. गाडीच्या चारी काचा खाली केल्या. रुवीच्या मुख्य चौकात लाल दिवा लागला. उजवीकडे टॅक्सी, डावीकडे आपल्याच देशातल्या लोकांनी भरलेली व्हॅन.

"प्रणाली," हे समोर बघतच म्हणाले, "मला म्हणून दाखवशील?"

ती हळू आवाजात सुरू झाली, शेजारी ऐकू जाऊ नये इतक्या बेताने.

"मोठ्याने म्हण."

ती थांबली. व्हॅनकडे पाहिलं, टॅक्सीकडे पाहिलं. "इथे?"

"इथेच," हे म्हणाले, आणि स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला.