युसुफ मिस्त्रीचा ब्रेक

युसुफ मिस्त्री काम करताना तोंडात नटबोल्ट धरायचे. एका गालात नट, दुसऱ्यात वायसर. गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकलेल्या स्टोबद्दल विचारायचं, "चाचा, स्टो कव्हय व्हई?" आणि चाचा नुसतं "हूं हूं" करून मान हलवायचे. पण कुणी त्यांच्या कामाला नाव ठेवलंच, तर सगळा ऐवज तळहातावर थुंकून म्हणायचे, "मन्हा हातनं काम परत उनं तं मन्हं नाव बदली टाका!" आणि काम परत येत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांचं नाव बदललं ते मी. आज एवढी वर्षं झाली, तरी शहाद्यात चाचांच्या गल्लीतून जाताना माझी मान वर होत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. एक तंबूवाला सिनेमा गावात येऊन बुडाला आणि त्याचं दिवे लावायचं छोटं पेट्रोल इंजिन भंगारात निघालं. चाचांनी ते उचललं. मी लोणखेड्याच्या पाटलाचा मुलगा, विशीतला, आणि माझ्याकडे एक जुनी सायकल होती. चाचा म्हणाले, "भाऊ, सायकल तुन्ही, इंजिन मन्हं. दोन्ही मिळीसन फटफटी करूत." मला काय, हौसच होती.

दोन महिने आम्ही त्या कामात होतो. पिठाच्या गिरणीचा फाटका पट्टा कापून चाचांनी इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत घेतला. चाकाला बाभळीची पुली सुताराकडून कातून आणली. टाकी म्हणून रॉकेलचा डबा. पण ब्रेकवर त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला. बाभळीच्याच ठोकळ्यांना चामडं बसवायचे, दाबून बघायचे, काढायचे, पुन्हा घासायचे. मी कंटाळून म्हणायचो, "चाचा, पळायचं बघा ना आधी!" तर म्हणायचे, "पळाडता कोनले बी येस. थांबाडता येवाले पाहिजे."

फटफटी नुसती हौसेची नव्हती. लोणखेड्याच्या रस्त्यावर एका शेठची कापसाची जिनिंग होती आणि तिथल्या इंजिनवर मिस्त्रीची पक्की जागा रिकामी झाली होती. स्टो आणि कंदील दुरुस्त करून चाचांची हयात चालली होती. मोठ्या इंजिनावर हात ठेवायचा, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. शेठ म्हणाला, फटफटी शहाद्याहून माझ्या फाटकापर्यंत आण आणि फाटकात बरोबर उभी कर, जागा तुझी. चाचांचा डावा गुडघा वाकत नसे, पायडल मारून इंजिन चालू करणं त्यांना जमेना. म्हणाले, "भाऊ, तूच चालाव."

निघायच्या सकाळी त्यांनी स्वतःचा धुतलेला, इस्त्री केलेला पायजमा आणला. "धोतर पट्टामा जाई. आजना दिन हाऊ घाल."

आता मी काय म्हणालो ऐका. त्या दिवशी माझे होणारे सासरे कापूस घेऊन जिनिंगवर येणार होते. मी म्हणालो, "पाटीलना पोऱ्या मुसलमानना पायजमा घालीसन सासरासमोर जाई का?" तोंडावर म्हणालो. ज्यांच्या घरचा चहा रोज पीत होतो, त्यांना. चाचांनी पायजम्याची घडी पुन्हा नीट केली. "मंग धोतरना सोगा तरी घट्ट खोच," एवढंच बोलले आणि मागून बैलगाडीनं निघाले.

काय सुटली ती फटफटी! बैल बुजले, बायका रस्ता सोडून शेतात उतरल्या. मी अगदी राजा होतो. जिनिंगचं फाटक आलं, शेठ उभा, हमाल उभे, गाड्यांच्या रांगेत सासरे उभे. त्यांना दिसावं म्हणून मी ताठ झालो, एक हात सोडून नमस्कार केला, आणि सोगा सुटून थेट पट्ट्यात गेला. पट्टा अडकला, चाक अडकलं, मी धुळीत. कोपर फुटलं आणि धोतर अर्धं अंगावर, अर्धं यंत्रात. शंभर माणसं हसायला लागली.

"काय व्हयनं?" सासऱ्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "ब्रेकच लागना नही."

तोवर चाचांची गाडी पोचली. ते लंगडत आले, फटफटीजवळ बसले. पट्ट्यात अडकलेली धोतराची तांबड्या काठाची चिंधी त्यांनी ओढून काढली आणि मुठीत दडवली. मग चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. हे मी पाहिलं, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. शेठ म्हणत होता, "ज्याना ब्रेक लागस नही, त्याना हातमा मी मन्हं इंजिन देऊ का?"

चाचा उठले. "हा शेठ. ब्रेक मन्हाच कच्चा ऱ्हायना."

परतताना बैलगाडीत मी रडकुंडीला आलो होतो. चाचा म्हणाले, "तुन्हं लगन बाकी शे भाऊ. मन्हं तं व्हई गयं." आणि हसले. त्या क्षणी गाडी मागे वळवायला हवी होती. मी वळवली नाही. उद्या सांगू म्हणालो. मग लग्नानंतर सांगू म्हणालो. मग सांगायचं कशाला, म्हणालो.

जागा दुसऱ्याला मिळाली. लोकांनी म्हणच करून टाकली, भरवशाचं नसलेलं काहीही दिसलं की "हाऊ तं युसुफना ब्रेक!" लोकांबरोबर मीही हसलोय. गिऱ्हाईक आटलं. फटफटी त्यांनी सुटी केली, माझी सायकल पुसून, तेल घालून मला घरी आणून दिली. नंतर कुणी कामाला नाव ठेवलं, तर तोंडातले नट ते तोंडातच ठेवायचे.

काही वर्षांनी तापानं गेले. मी घरच्यांना भेटायला गेलो, तेव्हा ठरवूनच गेलो होतो की आज चाचीला सगळं सांगायचं. चाची दाराशी आली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं हात जोडले.

"भाऊ, मिस्त्री जाता जाता बी तेच सांगेत, पाटीलना पोऱ्या मन्हा ब्रेकमुळे पडना. माले बी लई लाज वाटस. त्यास्ले माफ करी द्या."

म्हणजे त्यांनी घरातसुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

ओसरीवर चार माणसं बसली होती, माझ्या ओळखीची. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "जाऊ द्या चाची. मी तं तव्हयच माफ करी टाकं."