कुरिहाराने शिकवलेला रुसवा

कुरिहारा आणि मी एकाच कंपनीतून निवृत्त झालो आणि आता जपानमधल्या चिबा शहराजवळच्या छोट्याशा दुकानात यंत्रकुत्री दुरुस्त करतो. इथे दुरुस्तीला उपचार म्हणायचं आणि मालकाला घरचं माणूस. बंद पडलेल्या कुत्र्याचा पाय काढून दुसऱ्याला लावायचा असेल, तर आधी देवळात भिक्षूकडून त्याच्यासाठी मंत्र म्हणवून घ्यायचे. कुरिहाराचा त्यावर काडीचा विश्वास नाही, पण देवळात सगळ्यांत खाली वाकतो तोच.

कंपनीत असताना या कुत्र्यांना मन दिलं तेही त्यानेच. एकटं ठेवलं तर रुसायचं, जो जास्त कुरवाळेल त्यालाच आपलं मानायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातलं. सगळ्यांवर सारखं प्रेम करणारा कुत्रा म्हणजे मान फिरवणारा टेबलफॅन, असं म्हणून तो साहेबांशी भांडला होता. आता त्र्याहत्तरीत साधा स्क्रू उचलतानाही सुस्कारा टाकतो. मला त्याचा वैताग येतो आणि कीवही येते.

गेल्या आठवड्यात हामानोबाई त्यांच्या कुत्र्याला, गोमाला, कापडात बांधून घेऊन आल्या. नवरा वसंतात गेला. तेव्हापासून गोमा संध्याकाळी दाराशी जाऊन बसतो, बाईंनी हाक मारली की तोंड फिरवतो. कान बिघडलेत का बघा, म्हणाल्या.

कुरिहाराने दोन दिवस तपासलं. काही बिघडलं नव्हतं. बाई परत आल्या तेव्हा त्याने सांगितलं की याचं मन कोरं करता येईल, महिन्याभरात तो तुमचा होईल, पण मग त्यात तुमचे यजमान हामानोसान उरणार नाहीत.

बाई बराच वेळ गोमाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"डॉक्टर, माझं काही चुकलं का हो त्याच्याशी वागताना?"

"तुमचं नाही, माझं चुकलं," कुरिहारा म्हणाला. "त्याला रुसायला शिकवलं, वाट बघायला शिकवलं. माणूस मरतो, हे तेवढं घालायचं राहून गेलं."

बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कापडाची गाठ बांधली.

"मग राहू दे. हाका मारून थकलेय मी. पण त्यांची वाट बघणारं घरात आणखी कुणीतरी आहे, ते मी कशाला पुसू?"

त्या गेल्यावर कुरिहाराने केसपेपरवर 'आजार नाही' एवढंच लिहिलं. त्या दिवशी त्याने दुसरं कुत्रं हातात घेतलं नाही, आणि मीही घे म्हटलं नाही.