चार जणांचा डोंगा

वैनगंगा माझं ऐकते, हे बालाघाटात मी स्वतःच सांगत आलो. लहानपणी एका पुरात मी घाटावर उभा राहून नुसता खाकरलो आणि पाणी दोन पायऱ्या खाली उतरलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता खुद्द नदीसुद्धा ती नाकारणार नाही. त्यामुळे तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर मी जाहीर केलं, की आपण दोन्ही जोडप्यांनी नाव घ्यायची, इथून निघायचं आणि थेट समुद्रालाच जाऊन भिडायचं, तेव्हा कोणीही दचकलं नाही. शेजाऱ्यांनी चहात टोस्ट बुडवला. ते सिंचाई विभागात होते. नदी त्यांनी जन्मभर नकाशावर पाहिली, निळ्या रेघेएवढी. त्यांच्या बायकोनं विचारलं, "भाऊ, साखर बरोबर झाली न?"

माझ्या बायकोनं मात्र घोटाळा केला.

आमच्या घरात 'हौ' या शब्दाचा अर्थ 'बोला, ऐकून राह्यली' एवढाच होतो. बिरसाच्या जंगलात मधाचा कारखाना काढतो म्हणालो, ती म्हणाली, हौ. हट्ट्याच्या बावडीत, त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत, खालच्या मजल्यावर थंडगार खानावळ काढतो म्हणालो, हौ. तिचा हौ पडला की बेत तिथंच विझायचा आणि मी दुसरा बेत करायला मोकळा व्हायचो. संसार याच तत्त्वावर नीट चालला होता. त्या दिवशी ती हौ म्हणाली नाही. तिनं विचारलं, "कवा?"

मी म्हणालो, "कवा म्हणजे... पाहू न."

"पाहू नाई. दिवाळी झाली का निघू. पाणी बी राह्यते अन् ऊन बी सोसते. त्याच्यानंतर माह्या गुडघ्याचं ऑपरेशन हाये. मंग डॉक्टर मले कायले नावेत चढू देते?"

ती आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका शाळेत मास्तरीण होती. सारी नोकरी बसनं ये-जा. बसच्या खिडकीतून मधूनच नदी झाडांच्या आड चमकायची, तेवढ्यात कोणाचं तरी धानाचं पोतं नाहीतर डोकं आडवं यायचं आणि वळण निघून जायचं. तिला ती नदी एकदा मधे बसून, दोन्हीकडे मान वळवून पाहायची होती. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल आणि मी हौ म्हणालो असेन.

"समुद्र तुमचा तुमी ठेवा," ती म्हणाली. "मले भंडाऱ्यापर्यंत पुरे."

बेत पक्का व्हायला खरी अडचण पाण्याची नव्हती. शेजारीणबाईंनी ती एका वाक्यात मांडली. "तुमाले काय, माणसाईले काठ सारखाच. आमी सकाळी कुठं जायचं?"

तोडही बाईंनीच काढली. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, आणि बौद्ध समाजातली त्यांची सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर अशी पसरलेली, की दगड मारला तर भाच्यालाच लागावा. त्या बोटावर मोजू लागल्या: इथं मावसबहीण, तिच्या घरी नवीन संडास, पुढं बंधाऱ्यापाशी जावई, त्याचा ट्रॅक्टर आहे, तो नाव उचलून पलीकडे टाकेल, त्याच्या खाली भाची. शेजाऱ्यांनी मोठ्या हौसेनं आणलेला नकाशा तसाच गुंडाळून ठेवला. आमचे मुक्काम संडास पाहून ठरले. जगातल्या मोठमोठ्या दर्यावर्दींनीही असंच केलं असेल, फक्त ते लिहीत नाहीत.

नाव आम्ही एका ढीमराकडून, म्हणजे मासेमाराकडून, घेतली, मागं लहानसं इंजिन लावलेली. आमच्याकडे लाकडी नावेला डोंगा म्हणतात. पुढचा सगळा घोळ या शब्दानं घातला.

आमची मुलगी नागपूरला असते. वाढली बालाघाटात, म्हणजे हिंदीत. मराठी तिची आईपुरती. तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"आई, क्या चल रहा?"

"काई नाई वो. डोंगा घेतला."

"अरे वा! कितना बड़ा?"

"चार जणाचा. शेजारचे अन् आमी."

"बढिया. मेहमान आले की कामात येईल. ढक्कन आहे न?"

बायकोनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "ढक्कन नाई. वरतून ताडपत्री बांधू म्हणतो."

"ताडपत्री? आई, जाळी टाक न. माश्या नाही बसणार."

"हौ."

"आणि मोठाच घेतला न? तुम्ही नेहमी लहान घेता."

"मोठा हाये. तू म्हणतं तर ठीकच केलं मंग."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अवं, हिंदीत डोंगा म्हणजे भाजी वाढाचं भांडं. तिले वाटून राह्यलं का तू भांडं घेतलं."

"मले माहीत हाये," बायको म्हणाली. "मी खोटं बोलली का?"

नव्हती बोलली. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एक शब्दही खोटा न बोलता एवढं मोठं काम कधी केलं नाही.

आता गप्प राहायचं तेवढं माझ्याकडे होतं. तेच जमलं नाही. पानठेल्यावर मी समुद्राचा थोडासा उल्लेख केला. न्हाव्याकडे वाटेतल्या मगरींची नावं सांगितली. बस स्टँडपर्यंत बातमी पोचली तेव्हा आम्ही श्रीलंकेला चाललो होतो, आणि मुलीच्या शाळेतल्या जुन्या वर्गातल्या कोणीतरी तिचं मोबाइलवर अभिनंदन केलं. त्याच शनिवारी ती घरात उभी.

"बाबा, समंदर?"

मी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. गोष्ट लहान करून सांगितली. "कुठला समुद्र? इथंच, खैरलांजीपर्यंत. डबा खाऊ अन् परत येऊ."

ती आईकडे वळली. "बाबांचं बोलणं मी दहानं भागते. आज यांनी स्वतःच भागून दिलं. मतलब मामला सीरियस है." मग तिनं थेट सांगितलं, "आई, तू माझ्यासोबत चल. मी डॉक्टरशी बोलली आहे, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करून घेऊ. उशीर कशाला?"

ऑपरेशननंतर बायको चालणार होती, बाजारात जाणार होती, जिने चढणार होती. पण खाली बसणं बंद, पाय मुडपणं बंद. डोंगा म्हणजे खाली बसण्याचीच जागा. आत्ता नाही तर नाहीच, हे मुलीलाही कळत होतं. म्हणूनच तिनं घाई केली होती.

"तू म्हणली होती न, मोठा घे?" बायको म्हणाली.

"आई, वो मैंने बर्तन के लिए बोला था!"

"चाल, पाहून तरी घे."

शेजाऱ्यांना हाक मारून आम्ही पाचही जण घाटावर गेलो. डोंगा खुंट्याला बांधलेला होता. बायकोनं चपला काढल्या, माझा हात झटकला आणि डावा पाय आत टाकला. उजवा उचलायला गेली, तर गुडघा वाकेचना. दोर सैल होता; डोंगा हळूच काठापासून सरकू लागला. एक पाय पाण्यावर, एक पाय जमिनीवर, मधलं अंतर वाढतंय, आणि ती ना पुढे ना मागे. एरवी गोष्टीत अशा जागी मी दोन मगरी आणल्या असत्या. त्या दिवशी मला ओरडताही आलं नाही.

मुलगी बुटांसकट पाण्यात उतरली आणि तिनं आईची कंबर धरली.

"हो गया न? आई, चल वापस."

"सोडू नको," बायको म्हणाली. "पण मांगं ओढू नको."

मुलगी तशीच उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं. किती वेळ ते मी सांगणार नाही, कारण मी सांगितलेलं कोणी धरणार नाही. मग तिनं खांदा आईच्या मांडीखाली घातला आणि पोतं चढवतात तसं तिला आत चढवलं. बायको फळीवर आडवीच पडली आणि हसायला लागली. शेजारीणबाई काठावरून ओरडल्या, "वहिनी, उठू नका आता, तशाच भंडाऱ्याले चला!"

"बाबा," मुलगी ओली, तोंड फिरवून म्हणाली, "घरची प्लास्टिकची खुर्ची आणा. पाय अर्धे कापा. हिला खाली बसायची गरजच नाही पडली पाहिजे. आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी हलणार नाही. मी भंडाऱ्याच्या पुलाजवळ गाडी घेऊन उभी राहीन. तिथून सीधे हॉस्पिटल."

"हौ," बायको म्हणाली.

"आई, ये वाला हौ नहीं चलेगा."

"तारीख घे डॉक्टरची," बायको म्हणाली. "त्या दिवशी मी हजर."

दिवाळीनंतर निघालो. शेजारीणबाईंनी नारिंगी जॅकेट नऊवारीवर घातलं आणि माहेरी दाखवायला फोटो काढून घेतला. शेजारी इंजिनापाशी बसले. मुलीनं या वेळी बूट काढून ठेवले होते; तिनंच डोंगा ढकलला आणि इंजिन सूर धरेपर्यंत पाण्यातून सोबत चालत आली. मी कप्तान या नात्यानं सगळ्यांत पुढं उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून, आणि काठावर जमलेल्यांना उद्देशून दोन शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला.

मागून, बुटक्या खुर्चीवरून, बायकोचा आवाज आला.

"बाजूले सरका न. दिसून नाई राह्यलं."

मी खाली बसलो.