बरणीवरचा दुसरा शब्द

इगतपुरीच्या डोंगरओढ्यातला बोटभर मासा मी स्वतः पकडून आणून नाशिकच्या आमच्या कॉलेजात बरणीत ठेवलाय. प्राणिशास्त्र शिकवते मी. माशाचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं: पहिला शब्द त्याच्या गटाचा, दुसरा त्याचा स्वतःचा. मध्यंतरी अभ्यासकांनी त्याच्या मिशा, खवले पुन्हा तपासून त्याला दुसऱ्या गटात घातलं. मी बरणीवर नवी चिठ्ठी चिकटवली, तर एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, दुसरा शब्द जुनाच राहिला!”

“राहणारच. गट बदलला तरी तो बदलत नाही.”

बोलता बोलता मला माझं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरले होते आणि नवरा त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहायला वाकला होता. मी ताटावर हात आडवा धरला. “आडनाव तुमचं लावते. नाव माझ्या आईने ठेवलंय, तेच राहील.”

सासूबाई फणकारल्या, “असं कुठे असतं का?”

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, पण हातही मी काढला नव्हता.

परवा सासूबाई कॉलेजचं प्रदर्शन बघायला आल्या. मी त्यांना सरळ त्या बरणीपुढे नेऊन उभं केलं.

“असतं,” म्हटलं.